लॅपटॉपचा टचपॅड मेलाय, दुकानदार साडेचार हजार सांगतोय. काय करू?

गोखलेरोडकरीण
सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपचा टचपॅड पूर्ण बंद पडलाय. बोट फिरवा, टिचकी मारा, दोन बोटांनी खाली ओढा, ढिम्म. कीबोर्ड व्यवस्थित आहे, स्क्रीन व्यवस्थित आहे, मुलाच्या पीसीचा यूएसबी माउस लावला तर तोही छान चालतो. म्हणजे दुखणं फक्त टचपॅडचं.

मी घरून सोसायट्यांचे हिशोब लिहिते. ऑडिट तोंडावर आलंय आणि माझं ऑफिस म्हणजे डायनिंग टेबलाचा एक कोपरा. तिथे वह्या, पावत्या, व्हाउचरची फाईल आणि कुणीतरी ठेवलेली लोणच्याची बरणी, यात माउस फिरवायला जागाच उरत नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवला. त्यांनी उघडलासुद्धा नाही. "मॅडम, पूर्ण पॅनल बदलावं लागेल, साडेचार हजार. विंडोज पण नवीन टाकू. डेटाची गॅरंटी नाही." डेटाचं ऐकलं आणि लॅपटॉप काखेत मारून घरी आले.

विंडोज ११ आहे. वॉरंटी केव्हाच संपली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "कोणती कंपनी चांगली" या भांडणात वाहून जाईल. साडेचार हजार घालावेत का? की घरी काही करून बघण्यासारखं आहे?

उंदीरमामा
सोमवार, रात्री ११:०५

तीनशे-चारशे रुपयांत वायरलेस माउस मिळतो. गावदेवीला जा, घ्या, विषय संपवा. टचपॅडवर काम करणारी माणसं मला कधी कळलीच नाहीत. बरणी हलवा.

सौ_टिचकी
सोमवार, रात्री ११:२०

उंदीरमामा, त्यांनी जागा नाही म्हणून लिहिलंय की! वाचा आधी.

ताई, सगळ्यात आधी कीबोर्डची वरची ओळ बघा. एफ१ ते एफ१२ पैकी कुठल्यातरी बटणावर चौकोनाचं बारीक चित्र असतं, त्यावर तिरकी रेघ. ते बटण टचपॅड बंद-चालू करतं. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत एफएन दाबून एफ७, असुसच्या जुन्या मॉडेलांत एफएन दाबून एफ९. एचपीच्या जुन्या लॅपटॉपांत तर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका असतो. तिथे दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद आणि बाजूला केशरी दिवा लागतो. आमच्याकडे भाचीने ओढणीने स्क्रीन पुसता पुसता हे करून ठेवलं होतं आणि घरात "व्हायरस, व्हायरस" म्हणून नुसता आरडाओरडा.

गोखलेरोडकरीण
सोमवार, रात्री ११:३१

ते बटण दाबून बघितलं. स्क्रीनवर "टचपॅड ऑफ", "टचपॅड ऑन" असं येतं. पण ऑन म्हटलं तरी हलत नाही काहीच.

टर्मिनलबाबा_ऐरोली
मंगळवार, सकाळी ७:४८

पावणेआठची ठाणे-वाशी पकडून लिहितोय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

एक पैसाही खर्च करण्याआधी एवढंच ठरवायचं की बिघाड विंडोजमध्ये आहे की खालच्या वस्तूत. दुकानदाराने ते ठरवलेलंच नाही. पॅनल पण बदला आणि विंडोज पण टाका, म्हणजे दोन्हीकडे दगड मारून बघायचा, एखादा लागेल.

माउस लावूनच करा, पण माउस नसेल तरी अडत नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. बाणांनी खाली या, "ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस" वर उजवा बाण दाबा. आत "एचआयडी कम्प्लायंट टच पॅड" आणि "आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस" अशी नावं दिसायला हवीत. एखाद्यावर पिवळा त्रिकोण असेल तर त्याच्यावर ऑल्ट आणि एंटर दाबून आत काय लिहिलंय ते इथे सांगा. "कोड १०" असेल तर बऱ्याचदा ड्रायव्हरचं (विंडोजला ती वस्तू चालवायला शिकवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) झेंगट असतं.

पूर्वी टचपॅड जुन्या पीएस-टू पद्धतीने जोडलेले असायचे. आता बहुतेक आय-टू-सी नावाच्या दोन तारांच्या वाटेवर असतात आणि इंटेलच्या लॅपटॉपांत त्या वाटेचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, "सिरियल आयओ". तो बिघडला की टचपॅड शाबूत असून विंडोजला दिसतच नाही. लोक टचपॅडचा ड्रायव्हर दहादा टाकतात आणि सिरियल आयओकडे कुणी बघत नाही. दोन्ही ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचे घ्यायचे. "ड्रायव्हर फुकट अपडेट करा" म्हणणारी सॉफ्टवेअरं घ्यायची नाहीत. त्या सॉफ्टवेअरांवर मी वेगळा धागा काढू शकतो, बीपी वाढेल म्हणून काढत नाही.

मग सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, टचपॅड. हे पानच गायब असेल तर विंडोजला टचपॅड दिसत नाहीये. पान असेल तर आत "माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा" अशा अर्थाची एक खूण असते, ती लावलेली आहे का बघा. वायरलेस माउसचं बोटाच्या पेराएवढं डोंगल पोर्टमध्ये विसरलेलं असतं, माउस असतो ऑफिसच्या बॅगेत, आणि टचपॅड बिचारा माउस आहे असं समजून गप्प बसतो. ऑफिसच्या हेल्पडेस्कवर आठवड्यातून एक तरी असा येतोच.

एवढ्याने कळलं नाही तर खरी कसोटी: पेन ड्राइव्हवर लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) लाइव्ह आवृत्ती घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त "ट्राय" म्हणायचं, तुमच्या डेटाला हात लागत नाही. तिथे टचपॅड चालला तर हार्डवेअर ठणठणीत. बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या) पानावर बाण हलला तरी तेच सिद्ध होतं, पण तिथे नाही हलला म्हणून घाबरू नका, कित्येक बायोस टचपॅडला विचारतच नाहीत. एसरवाल्यांसाठी वेगळं: बायोसमध्ये टचपॅडला "बेसिक" आणि "अ‍ॅडव्हान्स्ड" असे दोन पर्याय असतात, तेही उलटसुलट करून बघावेत.

आणि शटडाउन करून परत चालू केलंय, असं सांगू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन अर्धवटच असतो. रीस्टार्ट करा, तो खरा.

सेक्टर१५चे_आजोबा
मंगळवार, सकाळी ९:१०

माउस जवळ नसलेल्यांसाठी: डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबा. विचारेल, हो म्हणा. मग उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी बाण हलतो, ५ ने क्लिक होतं. ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. मंद आहे, पण नेरूळच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझ्या हाताच्या कंपामुळे मी हेच वापरतो आणि तरुण मंडळी तोंडात बोट घालतात.

अवांतर: टचपॅड ही वस्तू लॅपटॉपात पहिल्यांदा रुळवली अ‍ॅपलने, १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत. त्याआधी त्यांच्याकडे अंगठ्याने फिरवायचा गोळा होता. सिनॅप्टिक्स ही टचपॅड बनवणारी कंपनी त्याहून जुनी, १९८६ ची. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर घडवणाऱ्यांपैकी फेडेरिको फॅगिन तिच्या संस्थापकांतले एक.

कळवानाका
मंगळवार, दुपारी १:३६

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा टचपॅड बंद नाही, वेडा झालाय. बाण आपोआप उड्या मारतो, दोन बोटांनी खाली ओढलं की पान मोठं होतं. पण फक्त चार्जिंगला असताना! चार्जर काढला की शहाण्यासारखा वागतो. ड्रायव्हर काढून घातला, फरक नाही. मनगटाला झिणझिण्याही येतात कधीकधी, लॅपटॉपला वरून पत्र्याची बॉडी आहे.

सौ_टिचकी
मंगळवार, दुपारी १:५०

अगंबाई, झिणझिण्या! मी नाही हो लावणार हात.

टेस्टरवाले_काका
मंगळवार, दुपारी ३:१५

कळवानाका, ड्रायव्हरला सोडा. तुमच्या बोर्डात अर्थिंग नाही, किंवा तुम्ही तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातलाय. कुठलं?

कळवानाका
मंगळवार, दुपारी ३:२२

कन्व्हर्टर आहे! पण मागे थेट लावला होता तेव्हाही होत होतं, बहुतेक.

टेस्टरवाले_काका
मंगळवार, दुपारी ४:०५

मग दोन्ही असेल. नीट सांगतो, कारण ही तक्रार मी फार ऐकतो आणि लोक लॅपटॉप बदलून मोकळे होतात.

टचपॅडला दाब कळत नाही. काचेखाली उभ्या-आडव्या तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, किंचित बदलते. हा किंचित बदल चिप मोजते, सेकंदाला कित्येकदा. म्हणूनच ओल्या हाताने, घामट बोटाने तो गोंधळतो. आता चार्जरचं बघा. आत विजेतली खरखर गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, तो मेनच्या (घरातल्या विजेच्या) बाजूकडून लॅपटॉपच्या बाजूला जोडलेला. अर्थिंग असेल तर तिथून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो जायला जागा शोधतो आणि लॅपटॉपची बॉडी अधांतरी, मेनच्या साधारण अर्ध्या व्होल्टेजला तरंगत राहते. २३० चे अर्धे म्हणजे ११५ च्या आसपास. करंट इतका बारीक की माणसाला इजा होत नाही, झिणझिण्या येतात. पण टचपॅड जो बारीकसा बदल मोजतो त्याच्यावर हा पन्नास हर्ट्झचा आणि चार्जरच्या स्विचिंगचा कचरा सांडला की त्याला एका बोटाची दोन बोटं दिसतात. पान मोठं होतं ते म्हणून. डुप्लिकेट चार्जरमध्ये हा कचरा जास्त.

बॅटरीवर लावलं की बरं होतं, हेच निदान. कन्व्हर्टर फेका. इलेक्ट्रिशियन बोलवा आणि मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मोजायला सांगा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट, जास्त नको. जुन्या इमारतींत काही महाभाग बोर्डातल्या बोर्डात अर्थची पिन न्यूट्रलला बांधतात, मीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दांड्याला २३०. सॉकेट उघडून डोळ्याने बघायला लावा. हिरवी वायर मागे कुठे जाते ते बघा.

टर्मिनलबाबा_ऐरोली
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

काका, साष्टांग. हे हेल्पडेस्कच्या भिंतीवर लावतो.

गोखलेरोडकरीण
मंगळवार, रात्री १०:१५

टर्मिनलबाबांनी सांगितलेलं सगळं केलं, मुलगा बसला होता शेजारी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही नावं आहेत, पिवळा त्रिकोण नाही. सेटिंग्जमध्ये टचपॅडचं पान आहे, चालू दाखवतंय, माउसवाली खूणही लावलेली होती. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून दोन्ही ड्रायव्हर नवे घातले. रीस्टार्ट. काही नाही.

मग मुलाने पेन ड्राइव्हवर लिनक्स चढवलं. तिथे गंमत झाली. बाण हलला! पण वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन-तीन सेंटिमीटरच, आणि मग अडकला. क्लिक तर होतच नाही, खालची कड दाबली की लाकडासारखी घट्ट लागते.

आणि आता नीट आठवून सांगते. महिनाभर आधीपासून त्रास चालूच होता. वर्डमध्ये मी काही न करता ओळीच्या ओळी निळ्या होत जायच्या, बाण हलवला की मागे निवड ओढत यायची. एक्सेलमध्ये रकाने आपोआप सरकायचे. मला वाटलं विंडोजचं काहीतरी असेल. क्लिकही हळूहळू कडक होत गेलं. दुकानदार झाकणाचीही बिजागरी बदला म्हणाला, कारण हल्ली झाकण मध्ये एक फट ठेवून मिटतं. ते बाराशे वेगळे.

सोल्डरवाला_वाशी
मंगळवार, रात्री १०:३८

ताई, चार्जर काढा. आत्ता. लॅपटॉप बंद करा, गादीवर ठेवू नका, लाकडी टेबलावर पण कागदांपासून लांब ठेवा. मग खालचं वाचा.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. दुकानाचं नाव देत नाही, जाहिरात नको. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र वाचा: क्लिक हळूहळू कडक झालं, ओळी आपोआप निळ्या होत होत्या, झाकण मिटत नाही, सॉफ्टवेअर सगळं बरोबर आहे. बिजागरी ठीक असणार. तुमची बॅटरी फुगली आहे.

हल्लीच्या लॅपटॉपांत बॅटरी बाहेरून काढायची नसते, ती आत, बरोबर हाताचे तळवे ठेवतो त्या भागात, टचपॅडच्या खाली झोपवलेली असते. टचपॅडची पाटी मागच्या बाजूला अडकवलेली आणि पुढची कड खाली दबते. त्या कडेखाली बारीक घुमटासारखं बटण असतं, तेच क्लिक. बॅटरी फुगून खालून ढकलायला लागली की आधी ते बटण अर्धवट दाबलेलंच राहतं. विंडोजला वाटतं तुम्ही डावं क्लिक धरून ठेवलंय, म्हणून ओळी निळ्या होतात. आणखी फुगली की पाटीच वाकते, बटण हलत नाही, जाळी ताणली जाते, कोपऱ्यात थोडी चालते, बाकी मेली.

उद्या उजेडात खात्री करा, दाबू नका, फक्त बघा. काचेच्या किंवा सपाट दगडी ओट्यावर लॅपटॉप ठेवा. चार पाय टेकतात की डुलतो? टचपॅडवर स्टीलची पट्टी उभी धरा, खालून उजेड दिसतो का? टचपॅडच्या भोवतीची फट सगळीकडे सारखी आहे का?

जुगाडू_जांभळीनाका
मंगळवार, रात्री ११:०२

फुगलेल्या बॅटरीला सुईने बारीक भोक पाडून गॅस काढून टाकला की बसते परत खाली. यूट्यूबवर आहे. वरून सेलोटेप.

सोल्डरवाला_वाशी
मंगळवार, रात्री ११:०६

संपादक मंडळ, वरचा प्रतिसाद उडवा प्लीज, कुणीतरी खरंच करेल.

जुगाडू, त्या पाकिटात आत कागदाहून पातळ पडदा असतो, त्याच्या दोन बाजूंना दोन टोकं. सुई घातली की दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात. मग धूर, ज्वाळा, आणि जो गॅस बाहेर येतो तो विषारी. लिथियमची आग एकदा विझली असं वाटून परत पेटते. माझ्या बाकावर अशी एक गेलीय, टेबलाचा तो जळका भाग मी मुद्दाम ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला.

टेस्टरवाले_काका
मंगळवार, रात्री ११:२०

अनुमोदन. सुई म्हणे.

गोखलेरोडकरीण
बुधवार, सकाळी ८:२५

डुलतो! ओट्यावर ठेवला तर मधल्या पोटावर भोवऱ्यासारखा फिरतो, हसावं की रडावं. पट्टीखालून चक्क उजेड दिसतो. इतके दिवस मी त्याच्यावर हात ठेवून बसत होते.

आता काय? आणि बॅटरी फुगली कशाने? लॅपटॉप दिवसरात्र चार्जिंगलाच असतो, त्याने?

टर्मिनलबाबा_ऐरोली
बुधवार, सकाळी ९:०५

थोडंफार हो. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि भरलेल्या अवस्थेत, वर उष्णतेत, कायम पडून राहिला की आतला द्राव हळूहळू विघटित होतो, गॅस होतो. पाकीट बंद असतं, गॅसला वाट नाही. ठाण्याचा मे महिना आणि गादीवर ठेवलेला लॅपटॉप, म्हणजे आणखी घाई.

म्हणून बऱ्याच कंपन्या १०० टक्के भरण्याआधीच चार्जिंग थांबवायची सोय देतात. लेनोवोत "कन्झर्वेशन मोड", असुसमध्ये "बॅटरी हेल्थ चार्जिंग", डेलच्या बायोसमध्ये "प्रायमरिली एसी यूज". नवी बॅटरी टाकली की पहिलं काम ते.

सोल्डरवाला_वाशी
बुधवार, सकाळी ९:४०

सहमत, पण सगळा दोष चार्जिंगला देऊ नका. जुनी झाली की नुसती कपाटात ठेवलेलीही फुगते. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट कितीही छान आकडे दाखवो, फुगण्याचा त्याला पत्ता नसतो.

काय करायचं: जवळच्या भरवशाच्या माणसाकडे न्या आणि फक्त एवढं म्हणा, "बॅक कव्हर माझ्यासमोर उघडा, बॅटरी बघायची आहे." उघडताना तुम्ही समोर उभ्या राहा. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, तो काढल्या क्रमाने मांडून ठेवतोय का बघा. लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला की वरून टचपॅडशेजारी टेंगूळ येतं आणि नवीनच धागा काढावा लागतो. कव्हर प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचकटावं. स्क्रूड्रायव्हर घुसवायला लागला तर हात धरा, बॅटरी फुगलेली आहे. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, बाकी सगळं नंतर.

बॅटरी काढली की लॅपटॉप चार्जरवर चालवून टचपॅड तपासायला सांगा. बहुतेक वेळा पाटी सरळ होते आणि टचपॅड जिवंत होतो. नाही झाला तर टचपॅडपासून मदरबोर्डकडे जाणारी चपटी पट्टी असते ना, तिच्या कनेक्टरला नखाएवढं काळं झाकण असतं, ते उचलून पट्टी काढायची, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, परत सरळ बसवून झाकण दाबायचं. खाडीच्या हवेत टोकं काळी पडतात, ऐरोली-वाशीत हे फार बघतो. एवढं करूनही बंद असेल तरच नवीन टचपॅड. तोसुद्धा नुसती पाटी मिळते, पूर्ण पामरेस्टचं (तळवे टेकतो त्या भागाचं) पॅनल बदलायची गरज क्वचितच. विंडोजचा तर यात काही संबंधच नाही.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर जुळवा, व्होल्टेज जुळवा. ७.६ व्होल्टच्या जागी ११.४ ची "बसते की" म्हणून देणारे आहेत. आणि वर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६०४६ छापलेलं आहे का बघा, लिथियम बॅटऱ्यांना ते सक्तीचं आहे.

उंदीरमामा
बुधवार, सकाळी १०:१२

म्हणजे माझं ऐकून माउस घेतला असता तर टेबलावर बॉम्ब घेऊन ऑडिट झालं असतं. मी हा धागा गपचूप वाचतो आता.

गोखलेरोडकरीण
शनिवार, दुपारी ४:५०

अपडेट देते.

वर्तकनगरला मैत्रिणीच्या ओळखीच्या माणसाकडे गेले. समोर उभी राहिले, स्क्रू कसे ठेवतोय ते बघत. त्यानेच विचारलं, "मॅडम, तुम्ही पण याच लाइनमधल्या का?" कव्हर उघडलं आणि आम्ही दोघं गप्प. तीन पाकिटांपैकी मधलं उशीसारखं टम्म, त्याच्यावरची काळी पट्टी ताणून फाटलेली. त्याने आधी कनेक्टर काढला, मग गोंद सोडवायला दोऱ्याने हळूहळू कापत बॅटरी उचलली, दात ओठ खाऊन, कुठेही न वाकवता.

चार्जर लावून चालू केलं. टचपॅड चालला. पूर्ण. क्लिक परत खट्ट झालं. झाकणही मिटलं! बिजागरीचे बाराशे वाचले ते वेगळेच. डेटा जागच्या जागी. टचपॅडची पट्टी त्याने तरीही काढून पुसून बसवली, त्याचे पैसे घेतले नाहीत. नवी बॅटरी त्याने मागवलीय, पार्ट नंबर जुळवून, अडीच हजारांच्या आसपास. येईपर्यंत चार्जरवर काम चालू आहे, फक्त वीज गेली की लॅपटॉप जागच्या जागी बंद, म्हणून दर पाच मिनिटांनी सेव्ह.

एक प्रश्न. फुगलेली बॅटरी त्याने मला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रेती घालून परत दिली, म्हणाला तुमची आहे. ती आता बाल्कनीत आहे. घंटागाडीत टाकायची?

सोल्डरवाला_वाशी
शनिवार, संध्याकाळी ५:३०

अजिबात नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की गाडी पेटते. डबा बरोबर आहे, फक्त उन्हात नको आणि झाकण घट्ट बंद नको, नुसतं टेकवून ठेवा. कनेक्टरच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांची आहे. तुमच्या लॅपटॉप कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा, "फुगलेली आहे" हे आधी सांगा, आणि स्वतः नेऊन द्या. कुरिअरने पाठवू नका.

सौ_टिचकी
शनिवार, संध्याकाळी ६:१४

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ई-कचऱ्याची पेटी ठेवलीय, तिथे टाकली तर?

सोल्डरवाला_वाशी
शनिवार, संध्याकाळी ६:२०

चांगली बॅटरी असेल तर चालेल. फुगलेली पेटीत टाकू नका, तिच्यावर कुणीतरी जुना मिक्सर आणून टाकेल. गोळा करणाऱ्याच्या हातात द्या, सांगून.

गोखलेरोडकरीण
शनिवार, रात्री ९:०५

सोमवारी सेवा केंद्रात देऊन येते. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः रात्री साडेदहाला "चार्जर काढा" म्हणणाऱ्यांचे.

कळवानाका
रविवार, दुपारी १२:४४

माझंही सांगतो. इलेक्ट्रिशियन आला, सॉकेट उघडलं. अर्थच्या पिनला वायरच नव्हती. हिरवी वायर पाइपातून बोर्डापर्यंत आलेली, टोक सोलून, वळवून, टेप लावून मागे कोंबलेली. जोडली, मोजली, फेज ते अर्थ २३४. कन्व्हर्टर फेकला. लॅपटॉप चार्जिंगला लावून हेच लिहितोय, बाण गरीब गाईसारखा चालतोय. आता तो माणूस स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडतोय आणि तोंडाने च्‌ च्‌ करतोय.

टेस्टरवाले_काका
रविवार, दुपारी १:०२

गीझरचंही उघडायला सांगा, तो निघायच्या आत.